श्वासगुरूंची तीन यंत्रं

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आवक-जावक बघून निवृत्त झालेल्या गुरुसिद्धप्पांना श्वासाचं ज्ञान निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात झालं. दम्याचं निदान नवव्या महिन्यात झालं. हे दोन महिने मागंपुढं झाले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण ज्ञान आधी झालं. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या सोसायटीच्या बागेत त्यांनी चार जणांना घेऊन सुरू केलेला ‘श्वाससाधना वर्ग’ तोवर चाळिसावर गेला होता. गेटवर फ्लेक्स लागला होता. त्यावर ‘श्वासगुरू’ असं छापलं होतं आणि फोटोत गुरुसिद्धप्पांचे डोळे मिटलेले होते. ते साधनेमुळं नव्हे, फोटोग्राफरच्या फ्लॅशमुळं; पण वर्गाला तो फोटो फार आवडला.

वर्गाचं मुख्य तत्त्व सोपं होतं. औषध म्हणजे कमजोरी, आणि दम्याचा पंप म्हणजे सगळ्यात मोठी कमजोरी.

“पंप ही कुबडी आहे बघा,” गुरुसिद्धप्पा सांगायचे. “कुबडी टाकल्याशिवाय पायाला कळत नाही की आपल्याला चालता येतं.”

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं होतं की त्यांनी ते डायरीत लिहून खाली सही केली होती. बागेतल्या टेबलावर एक काचेची बरणी असायची. जो पंप सोडेल त्यानं तो सगळ्यांसमोर बरणीत टाकायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या दोन महिन्यांत बरणीत सहा पंप जमले. त्यातले दोन आधीच संपलेले होते आणि एक तर पंपच नव्हता, सर्दीचा नाकातला फवारा होता. पण टाळ्या सगळ्यांना सारख्याच वाजल्या.

अशात एका पहाटे गुरुसिद्धप्पा झोपेतून उठून बसले ते छातीत शिट्टी घेऊनच. आधी त्यांना वाटलं, खिडकीतून वारा येतोय. नागव्वांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, खिडकी लावली तरी शिट्टी चालूच राहिली.

“अहो, हे तुमच्यातून येतंय,” नागव्वा म्हणाल्या.

डॉक्टर प्रियदर्शनींचा दवाखाना विजापूर रोडला, घरापासून रिक्षानं पाच मिनिटांवर. गुरुसिद्धप्पा भर दुपारी, सगळी सोसायटी झोपलेली असताना, स्कूटरवरून गेले. ओळख पटू नये म्हणून हेल्मेट घातलं आणि दवाखान्यात बाकावर बसले तरी काढलं नाही. सोलापुरात हेल्मेट घालून बसलेल्या माणसाकडं लोक जास्तच बघतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, “दमा आहे, काका. घाबरायचं कारण नाही. पंप देते. पुढं प्लॅस्टिकचा डबा जोडून घ्यायचा, की औषध नीट आत जातं.”

“पंप सोडून काहीही द्या.”

“का?”

“मी आयुष्यात पंपाला हात लावलेला नाही, असं मला चाळीस लोकांपुढं म्हणता आलं पाहिजे.”

पंपच बरा, हे डॉक्टरीणबाईंनी आणखी दोनदा समजावून सांगितलं. शेवटी हा माणूस काहीच न घेता घरी जाण्यापेक्षा मशीननं तरी घेईल, असा विचार करून त्यांनी नेब्युलायझर लिहून दिला. दोन औषधं होती, दोन्ही प्लॅस्टिकच्या बारक्या कुप्यांत. एक पाण्यासारखं, श्वासनळ्या मोकळ्या करणारं. दुसरं दुधाळ, आतली सूज उतरवणारं, ते रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता.

पहिलं यंत्र आलं ते कॉम्प्रेसरचं. डब्याएवढं, पांढरं, वर मूठ. आत मोटार हवा दाबते, ती हवा नळीतून औषधाच्या कपात जोरात शिरते, बारीक छिद्रातून निघताना औषधाला ओढून घेते आणि त्याचे तुषार करते. ते मास्कमधून आत ओढायचे. गुरुसिद्धप्पांना दोन मिनिटांत बरं वाटलं. पाचव्या मिनिटाला तर छाती इतकी मोकळी झाली की त्यांना आपलीच साधना फळाला आली असं वाटून गेलं.

अडचण एकच होती, आवाज. घर्रर्र सुरू झालं की टेबलावरचा पेला सरकायचा. पहाटे पाचला शेजारच्या फ्लॅटची भिंत ते सगळं ऐकत होती, आणि भिंतीपलीकडं अजिनाथ राहत होते. अजिनाथ म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, वर्गातले सगळ्यात निष्ठावंत शिष्य.

“वहिनी एवढ्या पहाटे काय वाटतात हो?” तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

“चटणी,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “शेंगाची.”

“मिक्सरवर?” अजिनाथांचा चेहरा पडला. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी मिक्सरवर वाटल्याचं दुःख होणं साहजिक होतं. “मग रोज कशाला वाटायची?”

“मागणी आहे.”

मागणी आहे म्हटल्यावर अजिनाथांनी अर्धा किलो मागितली. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर सांगितलं. चार दिवसांत नागव्वांना साडेतीन किलो शेंगदाणे भाजावे लागले, तेही गुडघा दुखत असताना. पाचव्या दिवशी त्यांनी कढई गॅसवरून खाली ठेवली.

“मी अक्कलकोटची. आमच्या घरात चटणी कुटतात, वाटत नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या खोट्याला माझं नाव कशाला? दमा झालाय म्हणून सांगा की. दमा म्हणजे काय चोरी हाय काय?”

“तुला कळत नाही,” गुरुसिद्धप्पा म्हणाले, कारण तिला पूर्ण कळलं होतं.

त्यांनी मग मोबाईलवर शोध घेतला आणि दुसरं यंत्र मागवलं. हे अल्ट्रासॉनिक. त्यात हवा दाबायची भानगडच नाही. तळाशी एक चकती असते, ती कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगानं थरथरते आणि पाण्याची वाफ केल्यासारखं धुकं उठवते. आवाज जवळजवळ नाहीच. वर निळा दिवा. धुकं तर इतकं दाट की गुरुसिद्धप्पा आरशात स्वतःला बघत बसले. पहिल्या यंत्राचे तुषार यापुढं अगदीच गरीब दिसत होते.

“याला म्हणतात तंत्रज्ञान,” ते मास्कच्या आतून म्हणाले.

तंत्रज्ञान सुरू झालं आणि आठवड्याभरात शिट्टी परत आली. वर्गात ‘ॐ’ लांबवताना त्यांचा आवाज मध्येच तुटायला लागला. त्यांनी सोमवार मौनसाधनेचा जाहीर केला. नंतर गुरुवारही. शिष्यांना ही साधनेची वरची पायरी वाटली. एकानं तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की गुरुजी न बोलता जास्त शिकवतात.

नागव्वा रोज कप धुवायच्या. एका सकाळी त्यांनी तो नवऱ्याच्या नाकासमोर धरला. तळाला पांढरा साका बसला होता.

“धूर तेवढा तुमी खाल्लात. औषध हितंच हाय.”

हेल्मेट घालून गुरुसिद्धप्पा पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “काका, मला विचारून तरी घ्यायचं. पाण्यासारखं औषध यात चालतं. पण तुमचं दुधाळ औषध म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण. हे मशीन पाणी उडवतं आणि कण खाली ठेवतं. शिवाय औषध तापवतं ते वेगळंच. पंधरा दिवस तुम्ही नुसतं मिठाचं पाणी ओढलंय म्हणा.”

“पण धुकं केवढं होतं!”

“धुकं बघायला महाबळेश्वरला जायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पहिलं मशीन चांगलं आहे. तेच वापरा.”

पहिलं मशीन पुन्हा काढायचं म्हणजे पुन्हा चटणी. गुरुसिद्धप्पांनी तिसरं यंत्र घेतलं, सगळ्यात महागाचं. जाळीचं. मुठीत मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं. औषधाच्या तळाशी धातूची पातळ चकती, तिला डोळ्याला न दिसणारी हजारो भोकं. ती थरथरली की औषध त्या भोकांतून तुषार होऊन बाहेर पडतं. आवाज नाही, वायर नाही, औषध तापत नाही, आणि दुधाळ औषधही चालतं. डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली, मात्र बोट वर करून.

“एकच पथ्य. दर वेळी झालं की स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि उघडं ठेवून वाळवायचं. भोकं बुजली की मशीन संपलं.”

हे पथ्य मात्र गुरुसिद्धप्पांना जमेना. यंत्र उघडं वाळत ठेवायचं तर खिडकीत, आणि खिडकी गॅलरीच्या वाटेवर. येताजाता अजिनाथ आत डोकावून नमस्कार करायचे. म्हणून गुरुसिद्धप्पा यंत्र ओलंच रुमालात गुंडाळून झब्ब्याच्या खिशात ठेवू लागले. नागव्वांकडंही धुवायला देईनात. आता ते कुठंही औषध घेऊ शकत होते: बागेतल्या पंपहाऊसच्या मागं, लग्नाच्या हॉलच्या बाथरूममध्ये, एकदा तर स्वतःच्याच सत्काराला निघताना लिफ्टमध्ये. खिशात यंत्र असल्यामुळं त्यांचा आवाज परत खणखणीत झाला, आणि आवाज खणखणीत झाल्यावर ते पंपावर आणखी त्वेषानं बोलू लागले.

त्याच सुमारास राजाबाई वर्गाला यायला लागल्या. साठीच्या पुढच्या, काटक, कुंभारीच्या. तीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या होत्या. तंबाखूची भुकटी मांडीवरच्या सुपात असायची आणि थोडी छातीत जायची. आता मुलगा शहाजी एसटीत कंडक्टर झाला होता आणि त्यानं आईला सोसायटीतल्या भाड्याच्या फ्लॅटवर आणलं होतं. त्यांना दमा होता, पंप होता आणि कुठल्याही शिकलेल्या माणसावर विश्वास होता.

“लई दिस झालं वडतीया ह्यो पंप,” त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. “सोडला तर चालतंय व्हय, गुरुजी?”

गुरुसिद्धप्पांच्या खिशात यंत्र अजून ओलं होतं. त्यांनी क्षणभर खाली बघितलं. चाळीस माणसं उत्तराची वाट बघत होती.

“मी वापरतो का पंप?” त्यांनी विचारलं. “आयुष्यात हात लावलेला नाही.”

राजाबाईंनी पंप बरणीत टाकला. सातवा. टाळ्या वाजल्या.

तीन आठवडे गेले. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कुणीतरी पालापाचोळा आणि प्लॅस्टिक पेटवलं होतं, आणि धूर भिंतीवरून बागेत उतरत होता. गुरुसिद्धप्पा श्वास रोखायचा प्रकार घेत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. बारा आकडे मोजून त्यांनी “सोडा” म्हटलं. सगळ्यांनी सोडला. राजाबाईंना सोडता येईना.

त्या सतरंजीवर हात टेकून पुढं वाकल्या. मान ताठ झाली, गळ्यापाशी खड्डा पडायला लागला.

“थांबा, कुणी हात लावू नका,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप आलं. “शुद्धी होतेय. आतलं बाहेर पडतंय.”

अजिनाथ मागं सरकले आणि भक्तिभावानं बघू लागले.

मग गुरुसिद्धप्पांना ती शिट्टी ऐकू आली. चाळीस माणसांत तिला शुद्धी न समजणारे ते एकटेच होते. ती वाजते तेव्हा काय होतं, हवा आत जाते आणि बाहेर निघत नाही, आणि माणूस कुणाच्यातरी चेहऱ्याकडं बघत राहतो, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. राजाबाई त्यांच्याच चेहऱ्याकडं बघत होत्या.

त्यांचा हात खिशात गेला. तिथंच राहिला. आता काढलं तर काय, याचा त्यांनी विचार केला. वर्ग काय म्हणेल. फ्लेक्स. सत्काराची शाल. ‘आयुष्यात हात लावला नाही.’ विचार करायला फार वेळ लागला नाही, अर्धा मिनिट लागलं असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात राजाबाईंचे ओठ निळसर झाले.

तेव्हा त्यांनी यंत्र काढलं. कुपी तोडली, औषध ओतलं, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. तुषार आले नाहीत. त्यांनी झटकलं, फुंकलं, पुन्हा दाबलं. तोंडापाशी एक थेंब आला आणि तिथंच लोंबत राहिला. महिनाभराचं दुधाळ औषध त्या हजारो भोकांत वाळून बसलं होतं.

“हे काय आहे, गुरुजी?” अजिनाथांनी विचारलं.

“बरणी!” गुरुसिद्धप्पा ओरडले. “बरणीतला पंप द्या त्यांचा!”

चाळीस जणांना हे वाक्य समजायला वेळ लागला. कुणीतरी बरणी उपडी केली. राजाबाईंच्या हातात आधी सर्दीचा फवारा आला, मग एक रिकामा पंप. तिसरा त्यांचा निघाला, पण तोवर तो दाबून आत ओढण्याएवढी हवाच त्यांच्यात उरली नव्हती.

गलका ऐकून नागव्वा खाली आल्या. गेटवर चांदसाब रिक्षावाले शाळेच्या पोरांची वाट बघत थांबले होते. नागव्वांनी त्यांना हात केला. राजाबाईंना मध्ये बसवलं. “चलो, बैठो बैठो, पोरांचं बघता येतंय नंतर,” म्हणत चांदसाबनी रिक्षा उलट्या बाजूनं रस्त्यात घातली. मागून दहा-बारा दुचाक्या निघाल्या. वर्गानं गुरुजींना एकटं सोडलं नाही, हे त्यांचं दुर्दैव.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. त्या धावत खाली आल्या. राजाबाईंना ऑक्सिजन लागला, इंजेक्शन झालं, आणि कोपऱ्यातलं जुनं, कडा पिवळ्या पडलेलं कॉम्प्रेसरचं मशीन घर्रर्र करत सुरू झालं. अजिनाथांनी कान टवकारले.

“हा तर चटणीचा आवाज,” ते म्हणाले.

धावपळीनं आणि धुरानं गुरुसिद्धप्पाही वाकले होते. भिंतीला धरून ते श्वास मोजत होते. तेवढ्यात पूनम सिस्टर आत आली, त्यांच्याकडं बघून थबकली आणि अगदी आपुलकीनं म्हणाली, “सर, आज हेल्मेट नाही? फाईल आणली का? चला बसा, तुमचाही डोस देते.”

दाराशी आलेल्या शिष्यांच्या माना एकदम वळल्या. मशीन तेवढं चालू होतं.

दुसरा मास्क आला. एका बाकावर राजाबाई आणि गुरुसिद्धप्पा शेजारी शेजारी बसले, दोघांच्या तोंडातून सारखाच धूर निघत होता. समोर बारा शिष्य ओळीनं उभे. अर्ध्या तासानं राजाबाईंनी मास्क खाली ओढला.

“गुरुजी,” त्या दम खात म्हणाल्या, “तुमच्याकडं आदीपासनं हुतं व्हय?”

गुरुसिद्धप्पांनी मास्क काढला नाही. त्यांचं औषध संपलं होतं, तरीही.

दोन दिवस ते खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी चपला खायच्या तयारीनं उतरले, तर चाळीसच्या चाळीस हजर. अजिनाथ हात जोडून पुढं आले.

“गुरुजी, आमच्या लक्षात आलं,” ते गहिवरून म्हणाले. “ही मशीनं तुम्ही स्वतःच्या शरीरावर तपासत होता. आमच्यासाठी.”

ही शक्यता गुरुसिद्धप्पांना स्वतःलाही सुचली नव्हती. त्यांनी वर बघितलं. गॅलरीत नागव्वा उभ्या होत्या. गुरुसिद्धप्पांनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्याच कानांना ऐकू आलं, “हं... तसंच काहीसं.”

मग वीस मिनिटं ते कॉम्प्रेसर, अल्ट्रासॉनिक आणि जाळी यांवर बोलले. सगळं बरोबर बोलले, शब्दन् शब्द. टाळ्या पडल्या. वर गेले तेव्हा नागव्वांनी चहा ठेवला नव्हता.

“राजाबाईंकडं जाऊन या,” एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ते गेले. शहाजीनं दार उघडलं आणि तो आतल्या खोलीत निघून गेला. राजाबाई खाटेवर बसल्या होत्या. उशाशी नवा पंप होता, पुढं प्लॅस्टिकचा डबा जोडलेला. गुरुसिद्धप्पांनी वाटेत चांगलं वाक्य तयार केलं होतं. बसल्यावर ते आठवेना.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले.

“व्हय,” राजाबाई म्हणाल्या. वाद घालण्यासारखं त्यांना त्यात काही दिसलं नसावं.

मग त्याच बोलू लागल्या. “कारखान्यात आमी बी लपवायचो की. खोकला आला की पदर तोंडात कोंबायचा. मालकाच्या माणसानं ऐकलं तर म्हनायचा, घरी बस. घरी बसलं तर खायाचं काय? आमी पोटासाठी लपवलं, गुरुजी. तुमाला तर पेन्शन हाय. तुमी कशापायी लपवलं?”

शाल, फ्लेक्स, टाळ्या. यातलं एकही त्या खोलीत उच्चारण्यासारखं नव्हतं. गुरुसिद्धप्पा उठले, नमस्कार केला आणि जिना उतरताना दोनदा थांबले. दम्यामुळं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते उभे राहूनच बोलले. मला दमा आहे. मी रोज औषध घेतो. तपासणी वगैरे काही नव्हतं, मी लपवत होतो, आणि राजाबाई त्यामुळं मरता मरता वाचल्या. ज्यांनी पंप टाकलेत त्यांनी आजच डॉक्टरांकडं जावं. श्वासाचा व्यायाम चांगलाच आहे, पण तो औषधाच्या बरोबर करायचा.

टाळ्या वाजल्या नाहीत. इतका वेळ कुणी इतकं साधं बोललेलं वर्गानं ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांना आवडलं नाही. फसवणूक त्यांनी एका दिवसात पोटात घातली होती. कबुली मात्र पचेना. आठवड्याभरात अजिनाथांनी समोरच्या सोसायटीच्या बागेत ‘शुद्ध श्वाससाधना’ सुरू केली. शुद्ध म्हणजे औषधाशिवायची. गेटवर नवा फ्लेक्स लागला, फोटोत अजिनाथांनी डोळे मुद्दाम मिटून घेतले होते. एकोणतीस जण तिकडं गेले.

इकडं अकरा उरले. त्यातल्या दहा जणांना दमा होता आणि एक जण घर जवळ पडतं म्हणून यायचा. बाराव्या राजाबाई, महिन्याभरानं आल्या. पदराला पंप बांधलेला, हातात स्वतःची सतरंजी. सगळ्यात पुढं, गुरुसिद्धप्पांच्या बरोबर समोर बसल्या.

“डोळे मिटा,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

अकरा जणांनी मिटले.

“राजाबाई, डोळे.”

“न्हाय,” राजाबाई म्हणाल्या. “तुमी शिकवा. मी बगती.”